डोक्यावरची लोटी

मी लाल वाइनची बाटली बोलतेय. नाक मुरडू नका. लातूरमध्ये इतकी वर्षं राहूनही मी कुणाला झिंगवलेलं नाही.

माझा जन्म फ्रान्सच्या दक्षिणेला, खडकाळ माळावरच्या द्राक्षांच्या मळ्यात झाला. आम्हाला अंधार आणि गारवा लागतो, आणि आडवं पडून राहायला लागतं. तसं ठेवलं की बूच ओलं राहतं, आत हवा शिरत नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर क्लेर नावाच्या डॉक्टरबाई मला घेऊन किल्लारीकडच्या एका गावात आल्या. शाळेतले आनंदराज गुरुजी त्यांचे दुभाषी होते. निघताना बाईंनी मला गुरुजींच्या हाती दिलं. म्हणाल्या, "तुमचं घर उभं राहिलं की मी येईन. मटण आणि भाजलेली वांगी करा. त्यांच्यासोबत हिची खरी चव कळते."

गुरुजी रोज पंचशील म्हणणारे, मद्याला न शिवणारे. पण तोवर मला सांभाळून ठेवायचा शब्द पाहुणीला दिला होता.

तेव्हा छपराखाली कुणालाच झोप लागत नव्हती. गुरुजींच्या पत्नी नागुबाईंनी मला पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं आणि डोक्यावर पितळी लोटी ठेवली. "जमीन हलली की लोटी पडंल. आवाज झाला की पळायचं." त्या दिवसांत घरोघरी असं काहीतरी रचलेलं असे. मला आडवं करा, असं ओरडावंसं वाटे. पण बाटलीचं कोण ऐकतं?

पुढे गुरुजींची लातूरला बदली झाली. घर झालं, वरच्या खोल्या बारावीच्या क्लासला येणाऱ्या मुलींना दिल्या. लोटी माझ्यासोबत आलीच. मुली क्लास गाठायला जिन्यावरून धडधडत उतरत. लोटी खणकन पडे. नागुबाई अंगणात! मुलीही वह्या छातीशी धरून मागोमाग.

देगलूरहून मुलीला सोडायला आलेल्या एका आईने विचारलं, "ह्ये काय ठिवलंय, मावशी?"

"भूकंपाचं यंत्र हाय."

"मग यंत्रावर द्राक्षं कामून काढलीत?"

नागुबाई पदराने माझ्या लेबलावरचं द्राक्षांचं चित्र झाकत राहिल्या.

माझं बूच सुकत होतं. गुरुजींनी दिलेला शब्द माझ्या पोटात होता आणि मी आंबत होते. त्यातच पत्र आलं. डॉक्टरबाई येणार होत्या.

त्या आल्या. येसराचा मसाला घातलेलं मटण शिजलं, वांगी भाजली, शेजारच्या वहिदाबी मदतीला आल्या. गुरुजींनी बूच काढलं तर त्याचा भुगा झाला. बाईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि हळूच नाही अशी मान हलवली.

गुरुजी खाली बघत म्हणाले, "मला सांभाळता आली नाही."

"त्यांची चूक न्हाई," नागुबाई पुढे झाल्या. "मीच उभी ठिवली हिला." त्यांनी लोटी दाखवली. भूकंपानंतर घरोघरी अशा लोट्या बघितलेल्या बाईंना ती बघूनच कळलं. त्यांनी नागुबाईंचा हात धरला.

वहिदाबींनी माझ्या तोंडाशी नाक नेलं. "अगे नागुबाई, ह्येचा तर सिरका झाला! रडते काय? कांदा चिर."

आंबून व्हिनेगर झालेल्या मला चिरलेल्या कांद्यावर शिंपडलं. मटणासोबत तो कांदा बाईंनी खाल्ला, वहिदाबींनी खाल्ला, गुरुजींनी दोनदा मागून घेतला. वाइन राहिले असते तर एकट्या बाईंच्याच पेल्यात गेले असते.

दुसऱ्या दिवशी नागुबाईंनी मला धुतलं. लोटी उचलून फळीवर ठेवायला निघाल्या. मला वाटलं, आता तरी मी आडवी होणार. इतक्यात वरून मुली धडधडत उतरल्या. नागुबाई थबकल्या, आणि लोटी पुन्हा माझ्या डोक्यावर आली.

रिकामी असल्यामुळे मी आता आणखी लवकर हलते. मुलींनो, क्लासला उशीर झाला तरी चालेल, पण जिना हळू उतरा गं.