भेट झाली

बाईंनी गठ्ठ्याचं रबर काढून मनगटात अडकवलं, पहिला फॉर्म पेनांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि टाइप करायला घेतलं. त्रेचाळीस फॉर्म होते. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळी उत्तरं जशीच्या तशी टाइप करून, विभागप्रमुखांची सही घेऊन समितीकडे पोचवायची होती. हे काम भूगर्भशास्त्र विभागाच्या लिपिकाचं, म्हणजे बाईंचं होतं. तसं शिकवणं सोडलं तर विभागातलं सगळंच काम बाईंचं होतं.

प्रश्न साधा होता. पुढच्या सत्राचे विषय नोंदवण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या सल्लागार प्राध्यापकांना भेटलंच पाहिजे, हा कॉलेजचा नियम ठेवायचा की काढून टाकायचा? भेटीशिवाय सही नाही आणि सहीच्या चिठ्ठीशिवाय नोंदणी नाही, अशी वर्षानुवर्षांची पद्धत होती. मुलं वैतागली होती, प्राध्यापक मुलांपेक्षा जास्त वैतागले होते, म्हणून समिती नेमली गेली. समितीने मुलांना विचारलं होतं, 'सल्लागारांच्या भेटीचा उपयोग झाला का? कसा?'

पहिल्या तीन फॉर्मांवर नुसतंच 'हो' होतं. चौथ्यावर गिचमिड अक्षरात चार ओळी होत्या. 'आमच्या सल्लागार मॅडम विषयांच्या यादीचा कागद पेन्सिलने तपासतात. त्यांनी विचारलं, गणित-दोन कधी घेणार? मी म्हटलं, शेवटच्या वर्षी. मग खनिजांचा विषय आत्ता कशाच्या जोरावर घेतोस, म्हणाल्या. म्हणून वाचलो.'

बाईंची बोटं थांबली. भूगर्भशास्त्र विभागात सल्लागार एकच होते, ते म्हणजे विभागप्रमुख. आणि ते मॅडम नव्हते.

त्यांनी टाइप करणं सोडून सगळा गठ्ठा चाळला. 'मॅडम जेवायला बसल्या असल्या तरी डब्याला झाकण लावून आधी कागद बघतात.' 'मॅडमनी विचारलं, हा विषय घ्यायला कोणी सांगितला? मी काकांचं नाव घेतलं आणि रडायलाच लागले. त्यांनी पाणी दिलं. मग मी तो विषय घेतला नाही.' एकाने तर 'खिडकीतल्या मॅडम' असं लिहून कंसात 'सल्लागार' असंही टाकलं होतं, समितीला शंका राहायला नको म्हणून. विभागात खिडकी एकच होती, बाईंची.

विभागप्रमुखांना मुलं दगडोबा म्हणत. माणूस भला, पण सगळा जीव दगडांत. त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर नमुन्यांचा ढीग होता आणि तो इतकी वर्षं होता की त्याखाली खुर्ची आहे हे झाडणाऱ्यालाही मुद्दाम आठवावं लागे. लाखो वर्षांपूर्वीच्या चिखलाबद्दल ते तासभर बोलत. समोर एकोणीस वर्षांचा मुलगा उभा राहिला की मात्र त्यांना घाम फुटे. त्यावर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. सत्र सुरू होताना 'विद्यार्थ्याशी भेट झाली' या छापील ओळीखाली शंभरेक कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करायच्या आणि गठ्ठा बाईंच्या खिडकीत आणून ठेवायचा.

"येतील तसतशा देत चला, बाई," एवढं बोलून ते मोकळे होत.

पहिली काही वर्षं बाईंनी दिल्याही. मग एका सकाळी एक वडील खिडकीशी आले. त्यांच्या मुलाचा पहिल्या वर्षाचा एक विषय राहून गेला होता आणि ते शेवटच्या वर्षी उघडकीला आलं होतं. विषय वर्षातून एकदाच शिकवला जायचा, त्यामुळे मुलाचं अख्खं वर्ष गेलं. वडिलांनी आवाज चढवला नाही. त्यांनी चिठ्ठी काचेवर ठेवली आणि ओळीखाली बोट धरलं.

"इथे लिहिलंय, भेट झाली. मग भेटीत कोणी काही बघितलं नाही का?"

वडिलांनी चिठ्ठीची नीट घडी घालून ती खिशात ठेवली आणि ते गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्या आठवड्यात त्यांनी अभ्यासक्रमाचं पुस्तक घरी नेलं. भाजी निवडताना, बसची वाट बघताना, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना त्यांनी ते वाचून काढलं. कोणता विषय कशाच्या आधी, कोणता कशाच्या नंतर, कुठला एकदा हुकला की वर्षभर मिळत नाही, सगळं तोंडपाठ केलं. गारगोटी आणि संगमरवर यांतला फरक त्यांना अजूनही सांगता आला नसता. पण तेव्हापासून कागद बघितल्याशिवाय चिठ्ठी त्यांच्या हातून सुटली नाही. शाईने लिहायचा आपल्याला अधिकार नाही, हे ओळखून त्या चुकीपाशी पेन्सिलने बारीक टिंब करत. चूक दुरुस्त झाली की खोडून टाकत. दहा वर्षांत मागे काही पुरावा राहिला नव्हता. आता मात्र त्रेचाळीस राहिले होते.

संध्याकाळी त्यांनी लेकीपाशी विषय काढला. लेकीचं कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि तिची या बाबतीतली मतं तयार होती.

"सक्ती कशाला हवी पण?" ती म्हणाली. "शाळेतली पोरं आहेत का ती? आमचे सर तर मान वर न करता सही करायचे. ज्याला गरज असेल तो आपणहून जाईल की."

"नाही जात गं."

"का नाही जाणार?"

"आपलं चुकतंय हे त्याला माहीतच नसतं. मग जाईल कशाला?"

लेक कपड्यांच्या घड्या करता करता थांबली.

"ते सगळं ठीक आहे, आई. पण तू सांगणार कोणाला? तू कुठे सल्लागार आहेस?"

बाईंनी उशीचा अभ्रा उचलला आणि घडी घालायला घेतली. लेक चुकीचं काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. उत्तरं आहेत तशी पाठवली, तर समिती विचारणार, या मॅडम कोण? मग कोऱ्या सह्या बाहेर येणार. सरांना निवृत्तीला चार महिने राहिले होते, बाईंना सहा वर्षं. शिक्षकाचं काम लिपिकाने केलं म्हटल्यावर ते किती चांगलं झालं हे कोणी विचारणार नव्हतं. फॉर्म गहाळ झाले म्हणावं, तर नियमच जाणार, कारण बाकीच्या विभागांतून काय उत्तरं आली ते बाईंना इतर लिपिकांकडून कळलं होतं. 'वेळ फुकट', 'नुसती रांग', 'सर जागेवर नसतात'. नियम गेला की चिठ्ठ्या जाणार आणि चिठ्ठ्या गेल्या की खिडकीशी कोणी येणार नाही. ते बाईंना नको होतं. इतकं नको होतं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

मग उरला तो एकच मार्ग. बावीस वर्षांत दुसऱ्याच्या मजकुरातला काना-मात्राही न बदललेल्या बाईंनी 'मॅडम' लिहिलेलं होतं तिथे 'सर' टाइप केलं. पहिल्यांदा त्यांना कसंसंच झालं. दहाव्या फॉर्मपर्यंत हात सरावला. 'सर डब्याला झाकण लावून आधी कागद बघतात' इथे त्या जरा अडखळल्या. वाक्य गाळावं का, असं मनात आलं. पण ज्या कोणी ते लिहिलं होतं, त्याने ते आठवून लिहिलं होतं. त्यांनी ते राहू दिलं.

सर एरवी बाईंनी समोर ठेवलेल्या कागदावर डोळे झाकून सही करत. पण सोमवारी त्यांना समितीपुढे बोलायचं होतं, म्हणून या वेळी ते वाचायला बसले. बाई दाराशी उभ्या राहिल्या. बसायला खुर्ची नव्हतीच.

सरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं काढलं.

"बाई, माझ्याकडे पेन्सिल नाही," ते म्हणाले.

त्यांनी दुसरं पान पुन्हा वर घेतलं.

"आणि मी डबा आणत नाही."

"नाही, सर."

"मूळ फॉर्म आहेत का?"

बाईंनी कपाटातून गठ्ठा आणून दिला. सरांनी तो उभ्यानेच वाचला. ओठ हलत होते, दगडावरचा जुना नंबर वाचताना हलायचे तसे. काकांचं नाव घेऊन रडलेल्या मुलीच्या फॉर्मपाशी ते बराच वेळ थांबले.

"किती वर्षं चाललंय हे?"

"दहा."

"मला वाटायचं, आपल्या विभागातली मुलं हुशार आहेत. चुका करत नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "बैठकीत सांगितलंयसुद्धा मी तसं. दोनदा."

बाईंना एकदम त्यांची कीव आली आणि हसूही आलं. दोन्ही त्यांनी आवरलं.

"मी टाइप केलंय तेच जाऊ द्या, सर. तुमचे चारच महिने राहिलेत."

"तुम्हीही मोजताय तर," सर म्हणाले. टाइप केलेले कागद त्यांनी टेबलावरच ठेवले आणि फॉर्मांचा गठ्ठा बगलेत मारून ते निघून गेले.

सोमवारी समितीत काय झालं ते बाईंना कोणी सांगितलं नाही. सर त्या दिवशी विभागात परतलेच नाहीत. मंगळवारी आले ते थेट खोलीत गेले आणि दार लावून बसले. बुधवारी दोन प्राध्यापक त्यांच्याकडे येऊन गेले आणि जाताना त्यांनी खिडकीकडे पाहायचं टाळलं. बाईंनी टेबलाचा खण आवरून ठेवला. आवरण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी परिपत्रक आलं. भेटीची सक्ती कायम. भेट प्राध्यापकांनी स्वतः, आपल्या खोलीत, विद्यार्थ्याला समोर बसवून घ्यायची. सही त्याच्यासमोर करायची. आधी सही केलेल्या चिठ्ठ्या आढळल्यास त्या तात्काळ परत कराव्यात. कोणाचं नाव नव्हतं, ठपका नव्हता, आभारही नव्हते. बाईंनी परिपत्रकावर 'पोचले'चा शिक्का मारला आणि उरलेल्या सत्तावन्न चिठ्ठ्या पाकिटात घालून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. नियम राहिला होता, त्यांना हवा होता तसाच. खिडकी तेवढी गेली होती. त्या दिवशी डबा त्यांनी तसाच घरी नेला आणि लेकीला सांगितलं, भूक नव्हती.

नोंदणीच्या दिवशी रांग सरांच्या दारापासून जिन्यापर्यंत गेली. बाई रजेचं रजिस्टर उघडून बसल्या होत्या. एक एक मूल त्यांच्या खिडकीवरून पुढे जाई, सवयीने थबके आणि रांगेत जाऊन उभं राही. कुरळ्या केसांची एक मुलगी सगळ्यांत पुढे होती. ती आत गेली. मिनिटाभरात सर बाहेर आले. हातात तिचा कागद होता आणि कपाळावर घाम.

"बाई, एक पेन्सिल मिळेल का?"

बाईंनी पेनांच्या डब्यातली पेन्सिल दिली. त्यांच्याकडे ती एकच होती. सर घेऊन वळले, परत आले, काचेशी वाकले आणि रांगेला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "सुरुवात कुठून करायची असते?"

"आधी बसायला सांगायचं, सर."

सरांनी मान डोलावली आणि ते आत गेले. थोड्या वेळाने आतून एकेक दगड फरशीवर ठेवल्याचा आवाज येऊ लागला. रांग कुजबुजायची थांबली. आवाज बराच वेळ येत होता. शेवटी खुर्ची सरकली.

दहा मिनिटांनी मुलगी बाहेर आली. हातात सही केलेली चिठ्ठी होती. तिने खिडकीशी येऊन नेहमीसारखा कागद काचेखालून आत सरकवला.

"झालं की सगळं," बाई म्हणाल्या. "आता मला नको दाखवायला."

"बघा ना, मॅडम."

बाईंनी कागद स्वतःकडे फिरवला. तीन ठिकाणी टिंबं होती, चांगली ठसठशीत, खोडताना जोर लागेल अशी. तीनही बरोबर होती. चौथं हवं होतं. त्यांचा हात पेनांच्या डब्याकडे गेला आणि रिकामाच परत आला.

त्यांनी कागद काचेखालून बाहेर सरकवला.

"परत आत जा. सरांना विचार, गणित-दोन कधी?"

"कोणी सांगितलं म्हणून सांगू?"

"कोणी नाही. तुलाच आठवलं म्हणावं."

मुलगी आत गेली. दार अर्धं उघडंच राहिलं. "बस, बस," सरांचा आवाज आला. मग कागद फडफडला. आणि मग, समोर बसलेल्या मुलीशी बोलायला लागतो त्याहून बऱ्याच मोठ्या आवाजात, अगदी खिडकीपर्यंत पोचेल असं, सर म्हणाले, "बरोबर! राहिलंच होतं ते!"

बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं. ओळ कुठे सोडली होती ते त्यांना लगेच सापडेना.