रेघेवरचं स्वयंपाकघर

धाकटीचा गुडघा धरला होता, म्हणून नकाशा आणायला थोरली गेली. दोघी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे आता नव्हते, घर मात्र एकच होतं, मधोमध वाटून घेतलेलं. चुली वेगळ्या होऊन जन्म लोटला, पण भांडणं अजून एकत्रच चालत. आता धाकटी आपला भाग विकून लेकीकडे राहायला निघाली होती. घेणारा माणूस चोख होता. "आधी मोजणी," तो म्हणाला, "माझ्या हद्दीत जे येईल ते पाडून मी नवं बांधणार."

"तुम्हीच जा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "कारकुनाशी भांडायला तुमच्या तोडीचं आहे कोण?"

भांडायची वेळच आली नाही. नकाशांच्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या, त्यांवर कागदाचे गुंडाळे, प्रत्येकाला नाडी आणि नाडीला चिठ्ठी. कारकुनाला जागेचा जुना नंबर हवा होता आणि थोरलीला नवाच ठाऊक. मग त्याने सासऱ्यांचं नाव विचारलं, त्यांच्या शेजाऱ्याचं विचारलं, गल्लीच्या तोंडाशी पूर्वी काय होतं ते विचारलं, आणि बरंच शिंकून झाल्यावर एक गुंडाळा घेऊन आला. "हे घ्या, आजी. तुमचं घर."

काड्यापेटीएवढं घर. थोरलीने आधी दार शोधलं, मग अंगण, मग वाटणीची रेघ. पुढच्या दगडापासून मागच्या दगडापर्यंत रेघ सरळ गेली होती. थोरलीने तिच्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. कारण घरात सगळे मानत ती वाटणी सरळ नव्हती. मागच्या बाजूला ती वळसा घेत होती, तिच्या स्वयंपाकघराला. ते स्वयंपाकघर नवऱ्याने वाटणीनंतर बांधलं होतं, आणि नकाशातली रेघ त्याच्या पोटातून जात होती. दार थोरलीचं, ओटा आणि खिडकी धाकटीची.

त्या खिडकीची उंची नवऱ्याने तिलाच भिंतीशी उभं करून ठरवली होती, चिरता-निवडता तिला बाहेरचं दिसावं म्हणून. तिथे उभं राहिलं की तो आसपास आहे असं तिला अजून वाटे. खिडकी गेली की तेही जाणार होतं. कारकुनाने नक्कल करून दिली. ती पिशवीत घालून थोरली बाहेर पडली खरी, पण पाय घराकडे वळेनात.

"मिळाला?" धाकटीने दारातच विचारलं.

"शोधतायत," थोरली म्हणाली, आणि नकाशा पिठाच्या डब्यामागे सारला. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे दिवसभर ती उगीचच करवादत राहिली.

"असू दे," धाकटी म्हणाली. "तुम्ही गेला होतात ना, मग मला घोर नाही."

थोरलीला शिव्या पचल्या असत्या. हे काही पचेना.

मोजणीदार आला. त्याची एक पद्धत होती. आधी ज्याने त्याने आपली हद्द चालून दाखवायची, मागून तो पांढरी फक्की टाकत येणार, आणि नकाशा असलाच तर उघडायचा तो त्यानंतर. "कागद बघून सगळेच शहाणे होतात," तो म्हणाला. "हं, मोठ्या आजी, चला."

थोरली पुढच्या दगडापाशी उभी राहिली. नेहमीचा वळसा घेतला असता तर कोणी हटकलं नसतं. पण तिने पदर खोचला आणि ती नाकासमोर चालत सुटली. स्वयंपाकघराचं दार आलं तशी आत शिरली आणि थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली.

"पुढे भिंत आहे," ती आतून ओरडली, "पण रेघ जातेय! ओटा, खिडकी, सगळं धाकटीचं!"

मग धाकटी निघाली. लंगडत, भिंतीला हात लावत, तिने त्या स्वयंपाकघराला बाहेरून अख्खा वळसा घातला. दुखऱ्या गुडघ्याने जवळची वाट सोडून लांबची धरली.

मोजणीदार दोन पांढऱ्या रेघांकडे बघत राहिला. "अहो, एकाच तुकड्यासाठी भांडणारे मी रोज बघतो. ही मधली जागा तर दोघींनाही नको! बेवारशी कशी लिहू?"

थोरली नकाशा घेऊन बाहेर आली. "मला कधीच मिळाला होता, धाकटे. मी लपवला."

"ठाऊक आहे. पिठाच्या डब्यामागे. काल पीठ उसनं न्यायला आले तेव्हा दिसला."

"उघडला नाहीस?"

"मला त्यात नवं काय कळणार होतं? ही भिंत उठली तेव्हा ह्यांनीच विटा वाहून दिल्या. दोघा भावांना ठाऊक होतं. मला बजावलं, वहिनीला कळू देऊ नकोस, ती दुसऱ्याच्या जागेत पाणीसुद्धा उकळायची नाही."

थोरलीला हुंदका आवरेना. "इतकी भांडलीस माझ्याशी, आणि हे एकदाही तोंडातून काढलं नाहीस?"

"भांडणात काढायची गोष्ट होती का ती?"

मग "तू घे" आणि "तुम्ही घ्या" यावरून दोघींची चांगलीच जुंपली. मोजणीदार पायरीवर बसून घाम पुसत राहिला. शेवटी धाकटीच त्याच्याकडे वळली.

"सामाईक लिहा. दोघींची नावं घाला. एवढं सोडून बाकीचं विकेन. त्याला परवडलं तर घेईल, नाहीतर दुसरा बघू."

"वेडी की काय?" थोरली म्हणाली. "लेकीकडे राहणार तू. तुला इथला ओटा कशाला?"

धाकटी गुडघा चोळत भिंतीला टेकली. "तिथे मी पाहुणी, जाऊबाई. कधी रुसून यावंसं वाटलं, तर यायला माझं म्हणून काही नको का?"

थोरलीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि तिच्या हाताला धरून तिला आत नेलं.

"मग उभी काय राहिलीस? ओटा तुझाही आहे ना आता? चहा टाक."