दाराची नोंद

अपघाताच्या आदल्या दिवशी बाबा ऑफिसात आले ते खांदा चोळतच. आमच्या कंपनीची विमानं इनमीन दोन. त्यातलं सहा आसनी बाबा चालवायचे आणि त्याच्या फेऱ्या मी ठरवायची.

"दाराशी कुस्ती झाली वाटतं?"

"हल्ली तेच जिंकतंय." त्यांनी तक्रारवही पुढे ओढली. "खांद्याने रेटल्याशिवाय कडी बसत नाही. आज लिहूनच टाकतो."

वहीत लिहिलं की दुरुस्ती होईतो विमान जागचं हलवायचं नाही, असा नियम. म्हणून असल्या खोडी तोंडीच एकमेकांच्या कानावर घालायची पद्धत पडून गेली होती. आणि उद्याचं गिऱ्हाईक मी महिनाभर मागे लागून मिळवलं होतं.

"बाबा, सोमवारी लिहा ना. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"बरं, मालकीणबाई." त्यांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी प्रवाशांना सोडून ते एकटेच परत निघाले. विमान वर चढत असताना दार उघडलं. दार उघडलं तरी विमान उडत राहतं. दाराकडे बघू नका, विमान सांभाळा, हे त्यांनीच कितीतरी शिकाऊ वैमानिकांकडून घोकून घेतलं होतं. तरी ते दार ओढायला वळले असावेत आणि म्हणून विमान कोसळलं, असं चौकशी अधिकारी म्हणतात. मला ते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

अपघात चौकशीच्या या कचेरीत माझी ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी होती, दुसऱ्या खेपेला त्या प्रतीवर शिक्का. आज अहवाल तयार होता. वैमानिकाने निष्काळजीपणे दार लावले, एवढ्यावर बाबांची एकतीस वर्षं आटोपली होती.

"दाराची कडी खराब होती," मी म्हणाले. "सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

मी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे आमचा मेकॅनिक बसला होता. बाबा त्याला डॉक्टर म्हणायचे.

"माझ्या कानावर काही आलं नाही," डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाला. मग हळूच, "ताई, मलाही पोरंबाळं आहेत."

त्याच्यावर चिडायचाही मला हक्क नव्हता. तीन महिने मी शिक्क्यांवर चिडले, रांगांवर चिडले, बाबांवरसुद्धा चिडले. इतरांचं कधी ऐकलं नाही, मग माझंच कशाला ऐकलं?

"हे बघा," अधिकारी कंटाळून म्हणाले, "वहीत तक्रार नाही, म्हणजे दार चांगलं होतं. आक्षेप घ्यायचा आजचा शेवटचा दिवस. काही लेखी असेल तर द्या, नाहीतर अहवाल मिळाल्याची सही करा."

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी ते उचललं नाही.

"लेखी काही नाही. आदल्या दिवशी ते वही उघडून लिहायलाच बसले होते. मी त्यांना लिहू दिलं नाही."