साध्या गोळीने मला हाडाचा होऊ दिलं नाही

मी स्क्रू बोलतोय. हसू नका. दार-खिडकीचा नव्हे, माणसाच्या जबड्यात बसवतात तो, टायटॅनियमचा, करंगळीच्या नखाएवढा. माझ्यावर आळ आला होता. खरी गुन्हेगार मात्र रोज पाण्याच्या घोटाबरोबर मानाने पोटात जात होती. म्हणून आज तोंड उघडतोय.

माझा जन्म लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर झाला. अंगावर आटे पडले, मग बारीक वाळूच्या माऱ्याने कातडी सोलून काढली, वरून आम्लात बुडवलं. इतर वस्तूंना गुळगुळीत करतात, मला मुद्दाम खरखरीत केलं. तपासणीच्या टेबलावरची बाई भिंगातून माझ्याकडे बघत शेजारणीला म्हणाली, "असाच हवा. हाडाच्या पेशींना धरायला जागा लागते. गुळगुळीत अंगावर त्या नीट ठरत नाहीत." तेव्हाच मी ठरवलं, आपण हाडाचं व्हायचं. लोक म्हणतात ना, हाडाचा शिंपी, हाडाचा गवई? तसा मी, पण अक्षरशः.

माझ्या वाट्याला शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. कात्री हाताशी असताना दोरा दाताने तोडायची त्यांची तीस वर्षांची सवय. त्यापायी वरच्या पुढच्या दाताचा आधी टवका उडाला, मग तो मुळासकट गेला. तेव्हापासून त्या गिऱ्हाइकाशी तोंडावर हात ठेवून बोलत. माप घेताना टेप धरायला मग एकच हात उरायचा.

दातांच्या डॉक्टरबाईंनी फॉर्म भरून घेतला. "मावशी, काही औषधं चालू आहेत का?"

"छे हो, औषध कसलं? ठणठणीत आहे मी."

बाईंनी 'नाही'वर खूण केली आणि मला जबड्यात बसवलं. हाडाने मला घट्ट धरलं की माझ्यावर दात चढणार होता.

पहिले दिवस मावशींनी मशीनला सुट्टी दिली होती, ते छान गेले. हाडाला भोक पाडलं की ते सुजतं, ठणकतं. पण त्या सुजेतूनच पेशींना निरोप जातो, की या, कामाला लागा. पेशी आल्याही. माझ्या खाचांत पाय रोवू लागल्या. मग मशीन सुरू झालं, आणि वरून गोळी आली.

मावशींच्या बटणांच्या डब्यात दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. मशीनवर वाकून मान आखडली की समोरच्या मशीनवरून धाकटी जाऊ म्हणायची, "ताई, मान धरली ना? घ्या एक." सकाळी एक, संध्याकाळी एक. ती गोळी दुखणं थांबवते खरी, पण त्यासाठी निरोपच अडवून धरते. पेशी मंदावल्या. नव्या येईनात, आलेल्या पसरेनात. मी आतून ओरडत होतो, "अहो, मला कुणीतरी धरा की!" पण स्क्रूचं कोण ऐकतं?

चौथ्या महिन्यात डॉक्टरबाईंनी मला हलवून पाहिलं. मी हललो. बाहेर काढून त्यांनी मला ट्रेमध्ये टाकलं आणि फाइलमध्ये लिहिलं, 'स्क्रू सदोष'. मावशींनीही री ओढली, "मेला नकलीच निघाला!" संतापाने माझं अंग तापलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

तेवढ्यात मावशींनी पर्समधून पट्टी काढली आणि पाणी मागितलं.

"ही कसली गोळी?"

"ही होय? साधी गोळी. मानेसाठी."

"कधीपासून घेता?"

"धाकट्या जावेला मुलगी झाली तेव्हापासून. आता नववीत आहे ती."

"मावशी! मी औषधांचं विचारलं होतं ना?"

"औषधांचंच विचारलंत. ही तर गोळी!"

डॉक्टरबाईंनी पट्टी हातात घेऊन गोळीचं नाव वाचलं. "शंभर टक्के हिच्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. चार दिवस घेतली असती तर फारसं बिघडलंही नसतं. पण हाड भरायच्या दिवसांत रोज दोनदा? पेशी वाढायच्या कशा? मला कळलं असतं तर मानेसाठी दुसरं काही दिलं असतं."

मावशींनी ट्रेकडे बोट केलं. "म्हणजे याचा काही दोष नव्हता?"

"नसावा."

"मग लिहिलंय ते खोडा."

बाईंनी खोडलं. फॉर्मवरचा प्रश्न मात्र तसाच ठेवला. राग येतो तो याचा! ज्या शब्दाने घात केला, तो आपल्या जागी सुखरूप. मावशींच्या हिरडीत मात्र खड्डा, आणि तिथे पुन्हा स्क्रू बसेल की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही.

मावशींनी मला मागून घेतलं. आता मी बटणांच्या डब्यात, पट्टीच्या शेजारीच राहतो. एवढंच सांगतो, की औषध, गोळी, साधी गोळी ही नावं तुम्ही ठेवता. पेशी नाव विचारत नाहीत. मनाने गोळी बंद करा असं मी म्हणत नाही, पण घेता हे सांगा तरी!

काल धाकटी जाऊ तोच फॉर्म घेऊन मशीनवर बसली. दोरा तोडून तोडून तिचाही दात गेलाय, आणि गोळी तर दोघींची एकाच पट्टीतली. 'औषधं चालू आहेत का?' तिने वाचलं आणि पेन सरळ 'नाही'कडे नेलं.

मावशींनी डबा उघडला, मला उचललं आणि नेमकं त्या 'नाही'वर ठेवलं.

"आधी याला विचार," तोंडावरचा हात काढून त्या म्हणाल्या, "मग खूण कर."