दर शनिवारी येतात

जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावर त्या मंगळवारी टँकर आला नाही, म्हणून जया विहिरीच्या दोन खेपा करून आली. हंडे उतरवते तोच ओट्यावरून सासू, साळुबाई, म्हणाली, "जये, ते हिरवं पातळ नेस. शीलाला बघाया ओतूरचं पावणं येत्यात. हातात चुडा घाल. सुभाषचं इचारलं तर दर शनिवारी येतो म्हणायचं."

"व्हय आत्याबाई."

पाच वर्षं जया हेच सांगत आली होती. तिचा नवरा सुभाष पुण्याला एका कारखान्यात होता आणि तिथंच दुसरी बाई करून राहिला होता. यात्रेला तेवढा गावी यायचा, जयाशेजारी पूजेला बसायचा आणि दुसऱ्या दिवशीची एसटी धरायचा. सगळ्या आळीला हे ठाऊक होतं. पण जयाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि गोठ्यापासून कांद्याच्या वाफ्यापर्यंत सगळं घर ती एकटी ओढत होती. तेवढ्यावर लोक म्हणायचे, जया चांगली नांदतेय, लई सोशिक बाई.

एकदा ती कळंबला माहेरी गेली होती. बाप, गेणभाऊ, खाली मान घालून म्हणाला होता, "पोरी, तुज्या दोन भाच्या उजवायच्यात अजून. तू माघारी आलीस तर कोण येईल आपल्या दाराला?" संध्याकाळच्या गाडीने ती परत आली. आणि साळुबाई उठता-बसता म्हणायची, "टाकलेल्या बाईला कोण ठेवतं घरात? आमी ठेवलीया. उपकार मान."

जया उपकार मानायची. डोक्यावर छप्पर आहे, दोन वेळची भाकरी आहे, असं शेण काढताना स्वतःला समजवायची. पण त्या समजावण्याने छाती हलकी होत नव्हती. उलट वर्षागणिक आवळत चालली होती.

पाहुणे यायच्या आधी ती नणंदेची वेणी घालत होती. शीला एकोणीस वर्षांची. हळूच म्हणाली, "वैनी, ह्यो पोरगाबी पुण्यात एकटाच ऱ्हातो म्हणं."

"असंना. नोकरी हाय त्याची."

"त्याचंबी दादासारखं असलं तर? त्यांच्या घरचं कोण सांगंल मला?" थोडं थांबून ती म्हणाली, "आपुन तरी कुटं सांगतो?"

जयाने घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

दुपारी पाहुणे आले. पुरुष माणसं बाहेर सासऱ्यांशी बोलत बसली. मुलाची आत्या, गोजरबाई, उठून आत चुलीपाशी आली. जया पोहे हलवत होती.

"सूनबाई, आल्यापसनं बघते, उभीच हाईस. बस की वाईच."

या घरात जयाला कुणी बस म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. ती पाटावर टेकली.

"मालक न्हाई दिसलं तुजं?"

"त्यो दर शनिवारी—" दारातून साळुबाई म्हणाली.

"नाय येत," जया म्हणाली. "त्यांनी पुण्यात दुसरं घर केलंय, मावशी. पाच वर्सं झाली. माजा संसार मोडलाय."

हे शब्द तिने स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. वाटलं होतं, हे बोललं तर जीव जाईल. तसं काही झालं नाही. कढईतल्या पोह्यांना करपल्याचा वास यायला लागला, म्हणून तिने कढई खाली उतरवली.

"तुमचा पोरगा खरंच एकटा ऱ्हातो का? आमच्या शीलाला मागनं कळाया नगं."

गोजरबाईने पदर सावरला. "इचारते त्याला," ती म्हणाली. "आजवर कुणी इचारलंच न्हाई."

चहा अर्धा टाकून पाहुणे उठले. दुसऱ्या दिवशी ओतूरहून नकाराचा निरोप आला.

"पोरीचं वाटुळं केलंस! चालती हो!" साळुबाई ओरडली.

"कुटं जाऊ, आत्याबाई?"

कांदा काढायला आला होता आणि काढणारं दुसरं कुणी नव्हतं. जया राहिली. सासरा तिच्याशी बोलेना, सासू ताट पुढे सरकवून तोंड फिरवी. पण वाफ्यात बसल्या बसल्या तिला 'बस की' म्हणणारी गोजरबाई आठवायची, शीलाचा प्रश्न आठवायचा, आणि कुणी न सांगता मन भरून यायचं. या दोघींचे मात्र खरे उपकार होते. सुभाष परत येईल म्हणून दाराकडे कान लावणं तिने सोडलं. त्याचा रागही पूर्वीसारखा येईना.

पंधरा दिवसांनी ती शीलाला घेऊन जुन्नरला गेली. कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेल्या एका वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "पोटगीचा दावा करता येईल. पण वर्षं जातील बाई. तोवर घरच्यांनी बाहेर काढलं तर?"

"आता तरी मी कुटं आत हाये, सायेब?" जया म्हणाली आणि अर्जावर सही केली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायकांनी विचारलं, "काल कुटं गेल्तीस गं?"

"कोर्टात. नवऱ्यानं टाकलंय मला, त्याची केस केलीया."

बायका एकेक करून हंडे उचलून निघाल्या. सरूबाई मात्र मागे राहिली. तिचा नवराही सात वर्षं मुंबईला होता. गावाला ती सांगायची, कामाचा लई ताण हाय त्यांना. बाकीच्या लांब गेल्याची खात्री करून ती जयाच्या जवळ सरकली.

"जया," तिने खालच्या आवाजात विचारलं, "कागद कंचं कंचं लागत्यात गं?"