दोडक्याच्या शिरांची चटणी

मध्यभारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं आणि शेतकी खात्याची ग्वाल्हेरची मंडळी भोपाळला हलू लागली. गोपाळकृष्णांचीही बदली झाली. पत्नी गेल्यापासून ते शिंदे की छावनी या वस्तीत थोरल्या बहिणीकडे, इंदुताईंकडेच जेवत. ताई विधवा, मागेपुढे कुणी नाही. तरी घर सोडायला त्या राजी नव्हत्या. गोपाळकृष्णांनी महिनाभर विनवण्या केल्या, तेव्हा कुठे सोबत यायला तयार झाल्या.

ग्वाल्हेरलगतच्या मुरारच्या मळ्यांत किडीवरची पावडर वाटायचं काम गोपाळकृष्णांचंच, म्हणून बाजारच्या भाजीची धास्तीही त्यांनाच. दोडकी, म्हणजे तिकडची तोरी, मिठाच्या पाण्यात भिजवायची, काथ्याने घासायची, पुन्हा धुवायची आणि शिरा-सालं काढूनच चिरायची, असं त्यांनी ताईंना बजावलं होतं. "तोरीला रोज दिवाळीचं अभ्यंगस्नान," म्हणून ताई हसायच्या, पण करायच्या सगळं तसंच.

निघायच्या आदल्या दिवशी, बांधाबांध चालली असताना, ताईंनी एक बरणी पुढे केली. तीळ-खोबरं घातलेली खमंग चटणी, भोपाळच्या पहिल्या जेवणासाठी.

"कशाची गं?"

"शिरांची. तू काढायला लावल्यास, त्या फेकणार थोडीच?"

शिरा त्यांच्या घरात कधीच कुणी टाकल्या नव्हत्या. आईही चटणीच करायची. गोपाळकृष्णांना हे ठाऊक होतं, फक्त सांगताना सुचलं नव्हतं. पावडर बसते ती शिरांतच, म्हणून ते घाबरले. बरणी उचलून त्यांनी दारापुढच्या नालीत उपडी केली आणि निरोपाला जमलेल्या शेजारणींच्या देखत बोलून गेले, "अडाण्यासारखं काय करतेस, ताई. विष आहे ते."

ताई रिकाम्या बरणीकडे बघत राहिल्या.

"तुला भाजी वाढायचे," त्या म्हणाल्या, "आणि चटणी मी खायचे. रोज."

चूक आपलीच, हे गोपाळकृष्णांनी मग परोपरीने सांगितलं. पण संध्याकाळी ताईंनी आपली बांधलेली वळकटी पुन्हा सोडली. काय खावं ते भावाला विचारून राहणं आता या वयात जमायचं नाही, एवढंच म्हणाल्या.

सकाळी टांग्यात एकट्या गोपाळकृष्णांची ट्रंक चढली. ताई दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "त्यानं मला काही होईल का रे?"

पावडर किती घ्यावी, पानांवर कशी मारावी, खात्यानं सगळं शिकवलं होतं. पोटात गेली तर काय, हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"काही नाही होत, ताई," ते म्हणाले, आणि टांगेवाल्याला निघायला सांगितलं.