चीनच्या बाईला उचल

परमेश्वरनं अकरा वर्षं उचल घेतली. बाराव्या वर्षी त्यानं उचल दिली, आणि दिली ती कुणाला, तर थेट चीनमधल्या बाईला. सरळ काम करील तर तो परमेश्वर कसला!

उचल म्हणजे काय, हे ज्यानं कधी ऊस तोडला नाही त्याला सांगावं लागेल. पोळा झाला की मुकादम गावात येतो, नवराबायकोला सीझनभराच्या कामापोटी आगाऊ रक्कम देतो आणि निघून जातो. झालं. त्या दिवसापासून माणूस बांधला गेला. दिवाळीच्या तोंडावर ट्रक आला की चढायचं, मग घरात आजारपण असो नाहीतर कुणाचं लगीन. एखादा चुकवून पळालाच तर मुकादम जीप काढतो आणि त्याच्या सासुरवाडीपर्यंत माग काढून त्याला धरून आणतो. हे सगळं बघत परमेश्वर लहानाचा मोठा झाला, त्यामुळे त्याच्या डोक्यात एक गोष्ट खिळा ठोकल्यासारखी बसली होती. देणारा मोकळा असतो, घेणारा सुटत नाही.

यंदा ऊसतोडीला फडात जायचं नाही, हे ठरवलं त्याच्या बायकोनं, मंगलनं. पोरगी करिष्मा दहावीला होती. आधीच्या वर्षी हे दोघं कर्नाटकात ऊस तोडत होते आणि पोरगी चुलतीच्या घरी सात माणसांचा स्वयंपाक करत नववीची परीक्षा देत होती. गणितात कशीबशी काठावर सुटली. तेव्हापासून मंगलनं मनाशी गाठ मारली होती.

"पोरीची दहावी हाय. म्या घरी ऱ्हानार," ती म्हणाली. "दोन वर्सं पोटाला चिमटा घेऊन शहाऐंशी हजार साठवलेत. तेच्यात काय धंदा करायचा त्यो करा, पर तेच्यावर घर चाललं पायजे."

परमेश्वरनं धंदा शोधला तो खरं तर अस्सल होता. ऊसतोडीत पहाटेच्या अंधारात ट्रक भरावे लागतात, आणि तेव्हा डोक्याला बांधायची बॅटरी लागते. ती बॅटरी कुठं बिघडते हे परमेश्वरइतकं कुठल्या दुकानदाराला ठाऊक असणार? पट्टा घामानं कुजतो, बटनात उसाचं पाचट अडकतं, चार्जिंगची पिन पंधरा दिवसांत ढिली होते. असली एक पक्की बॅटरी चारशे नग आणायची आणि ट्रक निघायच्या आधी गावोगाव विकायची. बुद्धी चांगलीच चालली होती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय उगाच?

मोबाईलवर एका ऑनलाईन बाजाराच्या ॲपवर शोधता शोधता त्याला लिसा सापडली. चीनमधल्या कारखान्याची ही विक्रेती. तिच्याकडं हवी तश्शी बॅटरी होती आणि भाव ऐकून परमेश्वरच्या तोंडाला पाणी सुटलं. लिसा मराठीत लिहायची, म्हणजे तिचा फोन भाषांतर करून लिहायचा. 'प्रिय मित्र परमेश्वर, तुमचा व्यवसाय वाढणे माझे आनंद आहे.' अकरा वर्षांत मुकादमानं त्याला 'ए पऱ्या' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. इथं एक परदेशी बाई त्याला प्रिय मित्र म्हणत होती. परमेश्वर विरघळला. तोही रोज सकाळी तिला न चुकता विचारायला लागला, 'जेवलात का?'

पैसे पाठवायच्या आधी तो चौसाळ्याला गेला. तिथं हायवेला अंगदचं मोबाईलचं दुकान होतं. अंगद मंगलचा चुलतभाऊ, म्हणून परमेश्वरला दाजी म्हणायचा. त्यानं लिसाचे सगळे मेसेज वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दाजी, पैसे भरायचे तर त्या बाजाराच्या ॲपवरच भरा. पैसे मधी तेंच्यापाशी ऱ्हातेत. माल तुमच्या हातात पडला, तुमी हो म्हनलं, की मगच बाईला भेटतेत. आन् चारशे कशाला? पयल्यांदा वीस मागवा. ती म्हनती तसं बाहीरच्या खात्यावर एक रुपया टाकू नका."

परमेश्वर हसला. पोरगं शिकलेलं, पण व्यवहारात कच्चं, असं त्याला वाटलं.

"आरं, पैसे मधल्यापाशी ऱ्हायले तर बाई कशी बांधली जाईल? उचल हातात पडल्याबिगर कुनी फडात येतंय का?"

"ही उचल न्हाई दाजी, ॲडव्हान्स हाय."

"एकच की बे!"

"बरं, बाई चीनची, मग खातं आपल्याच देशातल्या कुन्या बाप्याच्या नावावर कावून?"

"राधाकिशन मुकादमाचं खातं भाच्याच्या नावावर हाय. मोठ्या लोकांचं असंच असतंय."

अंगदनं हात जोडले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

आता खरी गंमत ऐका. लिसानं मागितले होते निम्मेच पैसे. बाकीचे माल निघताना द्या म्हणाली होती. परमेश्वरनं पुरे पाठवले! का, तर निम्मी उचल घेतलेला गडी अर्ध्या सीझनमधून पळतो, पुरी घेतलेला पळत नाही, हा त्याचा अकरा वर्षांचा अनुभव. बँकेत मंगलनं फॉर्मवर सही करताना पेन जरा थांबवला.

"येईल न्हवं वो माल?"

"पुरी उचल दिलीय," परमेश्वर म्हणाला. "आता तिच्या बापाला यावं लागंल."

त्या दिवशी बँकेतून बाहेर पडताना त्याची चालच बदलली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या उचलीखाली बांधलं गेलं होतं. त्याला लिसाची थोडी कीवसुद्धा आली. बाईमाणूस, बिचारी, आता रात्रंदिवस बॅटऱ्या भरत असेल. 'घाई करू नका, तब्येतीला जपा,' असं त्यानं तिला लिहिलं. तिनं उत्तर दिलं, 'तुमचे विश्वास माझे हृदय स्पर्श करणे आहे.'

तेवीस दिवस गेले. परमेश्वरनं गावात फिरून बॅटरीसाठी साठ जणांची नावं लिहून घेतली. मग चोविसाव्या दिवशी लिसाचा मेसेज आला. माल मुंबईच्या बंदरात अडकला आहे, सोडवायला बावीस हजार ताबडतोब पाठवा.

आणि इथं परमेश्वर सावध झाला! असले व्हिडिओ त्यानं पाहिले होते. माल अडकला म्हणून पुन्हा पैसे मागतात, तीच फसवणूक. त्यानं ताडकन लिहिलं, 'म्या येडा न्हाई. एक रुपया भेटनार न्हाई.' आणि छाती काढून पारावर गेला.

दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. लिसानं कसं गोड बोलून बावीस हजार मागितले, परमेश्वरनं कसं ओळखलं, कसं तोंडावर सुनावलं. जो तो ऐकून मान डोलवी. बातमी सरपंच अर्जुनरावांपर्यंत गेली. त्यांना ग्रामसभेत दर वेळी कुणाचा तरी सत्कार लागतोच. फौजदार झालेलं पोरगं नाही, पहिली आलेली पोरगी नाही, तर हा बरा सापडला.

"ऑनलाईन भामट्यांना आपल्या गावच्या परमेश्वरनं पाणी पाजलं," अर्जुनराव माईकवरून म्हणाले. "बावीस हजार वाचवले! समद्यांनी ह्या गड्याकडनं शिकावं."

टाळ्या झाल्या. नारळ दिला, टोपी घातली. परमेश्वरनं माईक हातात घेऊन गावाला तीन गोष्टी सांगितल्या. अनोळखी माणसावर भरवसा ठेवू नका, घाई करणाऱ्याला पैसे देऊ नका, आधी माल बघा आणि मगच खिशात हात घाला. एकूण एक गोष्ट खरी होती. अंगद असता तर त्यानंही टाळी वाजवली असती.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून म्हातारी जानकीबाई उठली. तिनं दोन नातवांसाठी दोन बॅटऱ्यांना नाव दिलं होतं.

"ते समदं ठीक हाय लेकरा," ती म्हणाली. "पर आपल्या बॅटऱ्या कवा येनार?"

"येतील की मावशी. पुरी उचल घेतलीय तिनं."

"कुनी? ज्या बाईला तू आत्ता भामटी म्हनलास, तिनंच?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. परमेश्वर माईकसमोर नारळ धरून उभा राहिला, आणि शहाऐंशी हजारांचा विचार त्याच्या डोक्यात तेव्हा, त्या तिथं, पहिल्यांदा शिरला. बावीस हजार वाचवायच्या नादात त्यानं तो दोन दिवस केलाच नव्हता. त्यानं मान वर केली तर मंगल त्याच्याकडंच बघत होती. ती उठली आणि घराकडं चालू लागली.

पारामागं जाऊन त्यानं लिसाला मेसेज केला. एक टिक उमटली, दुसरी उमटलीच नाही. तिचा फोटोही गेला होता. त्यानं पुन्हा लिहिलं, 'ताई, रागावलात का?' त्यालाही एकच टिक.

दुसऱ्या दिवशी अंगदनं सायबर गुन्ह्याच्या नंबरवर फोन लावला. तक्रार घेतली गेली, नंबर मिळाला. पलीकडचा माणूस नीट बोलला, पण म्हणाला, पैसे गेले त्याच दिवशी फोन केला असता तर ते खात्यातच अडवायचा काही उपाय होता. आता सव्वीस दिवस झाले.

"ती बाई कुठं ऱ्हाती, गाव कोनतं, एवढं तरी सांग," परमेश्वर अंगदला म्हणाला. "म्या जीप करून जातो. उचल घेऊन पळाली म्हंजे काय!"

"दाजी, ती बाई तरी हाय का, चीनची तरी हाय का, कुनाला ठाव? शेजारच्या जिल्ह्यातला बाप्या असंल. कुठं जीप नेताव?"

परमेश्वर दुकानाच्या पायरीवर बसला. मुकादम उचल देताना काय काय घेतो, ते त्याला एकेक करून आठवायला लागलं. आधार कार्ड घेतो. दोन जामीनदार घेतो. स्टॅम्पवर सही घेतो. बायकोच्या माहेरचा पत्ता घेतो. म्हणून माणूस बांधला जातो, पैशानं नाही. आणि आपण लिसाला काय विचारलं? जेवलात का! त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की चहा आला तरी त्यानं हात पुढं केला नाही.

आठवड्यानं राधाकिशन मुकादम दारात आला. बाजेवर ऐसपैस बसला. सगळं त्याच्या कानावर गेलेलं होतंच.

"काय बे परमेश्वर, तुही चीनची टोळी कवा येनार फडात?" तो म्हणाला आणि पोट हलवून हसला. मग त्यानं वही काढली. "बरं, झालं ते झालं. लिहू का कोयता?"

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. परमेश्वरनं मान खाली घातली आणि लिहा म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मंगल चहा घेऊन बाहेर आली.

"अर्धा लिहा," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"ह्यांचा एकट्याचा. म्या घरी ऱ्हानार हाय, पोरीपाशी."

"मंगल, अर्ध्या कोयत्याला उचल निम्मीच भेटती. आन् ह्याला दुसऱ्या कुन्या एकट्या गड्यासंगं जुंपावा लागंल. भाकरीबी सवताच थापायची ह्यानं."

"निम्मी तर निम्मी. तेवढ्यात म्या आन् पोरगी भागवू. पैसे माहे हुते, उचल ह्यांनी दिली. आता ह्यांचं ह्यांनी जावं." तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "पोरीची दहावी काय चीनच्या बाईनं न्हेली न्हाई अजून."

मुकादमानं परमेश्वरकडं बघितलं. बायको चारचौघांत असं बोलली तर नवऱ्यानं ओरडावं, अशी त्याची अपेक्षा असावी. परमेश्वरलाही क्षणभर तसंच वाटलं. पण आत करिष्मा मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती, आणि मंगलचं एकही अक्षर खोटं नव्हतं.

"लिहा अर्धा," तो म्हणाला.

राधाकिशननं लिहून घेतलं, सही घेतली आणि मोबाईल काढला. उचल घेणाऱ्यांचा दारासमोर फोटो काढायची त्याची पद्धत होती. मंगल कपबशा घेऊन आत निघून गेली. परमेश्वर उंबऱ्यापुढं जाऊन उभा राहिला, अकरा वर्षांच्या सवयीनं जरा उजवीकडं सरकून, डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून.

"मधी ये बे, मधी," मुकादम म्हणाला.

परमेश्वर एक पाऊल सरकला आणि दाराच्या मधोमध उभा राहिला.